ईस्ट अँग्लियातली उत्खननं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या उत्खननांबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बहुतेक फिरून एकाच प्रदेशाशी येऊन थांबतात: ईस्ट अँग्लिया. म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, कायद्यातल्या खाचाखोचा पुढे आहेत.

ईस्ट अँग्लिया म्हणजे नेमका कुठला भाग? तो जिल्हा आहे की राज्य?

आज तो प्रशासकीय विभाग नाही, पण एके काळी ते स्वतंत्र राज्य होतं. रोमन सत्ता गेल्यावर उत्तर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल लोकांनी इंग्लंडच्या पूर्व टोकाला ते उभं केलं. नॉरफोक आणि सफोक या परगण्यांना ईस्ट अँग्लिया म्हणण्याबद्दल कुणाचा वाद नाही. केंब्रिजशरचा पूर्वेकडचा पाणथळ भाग, ज्याला फेन्स म्हणतात, तोही बहुतेक जण यात धरतात. इथंही तो धरला आहे.

एवढ्याशा भागात इतकं का सापडतं? तिथले लोक जास्त श्रीमंत होते का?

श्रीमंती होतीच, पण त्याहून महत्त्वाची तिथली जमीन. समुद्रकिनाऱ्यावर आम्लधर्मी वाळू आहे. ती लाकूड आणि हाडं खाऊन टाकते, सोनं मात्र तसंच ठेवते. फेन्समध्ये याच्या उलट. तिथल्या पाण्याने भरलेल्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीचं कापड, दोर आणि लाकडी भांडीसुद्धा टिकतात. शिवाय प्रदेश जवळजवळ सगळा शेतीचा, आणि नांगर दरवर्षी काही ना काही वर काढतो. मिल्डेनहॉलचा रोमन चांदीचा खजिना १९४२ च्या जानेवारीत नांगरटीतच वर आला. त्यातलं मोठं ताट ६० सेंटिमीटर व्यासाचं आणि आठ किलोंहून जड आहे.

म्हणून कुठल्याही शोधाची बातमी वाचताना आधी तिथली माती कसली आहे ते पाहावं. काय उरलं आणि काय नाहीसं झालं, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

सटन हू हे नाव सारखं ऐकू येतं. थोडक्यात सांगाल का?

सफोकमध्ये वुडब्रिज गावासमोर, डेबेन नदीच्या काठावरच्या चढावर मातीची काही टेकाडं आहेत. आपल्याकडच्या पांढरीच्या टेकाडासारखी ती वस्तीची नाहीत, ती थडगी आहेत. जमिनीच्या मालकीणबाई ईडिथ प्रिटी यांनी १९३८ मध्ये इप्सविचच्या संग्रहालयामार्फत बॅसिल ब्राऊन यांना खणायला बोलावलं. ब्राऊन शेतकरी घरातले. शाळा लवकर सुटली, पुरातत्त्व स्वतःच्या बळावर शिकले. पहिल्या वर्षी तीन टेकाडं खणली, ती आधीच लुटलेली निघाली. १९३९ च्या मे महिन्यात सर्वांत मोठ्या टेकाडाला हात घातला आणि त्यात २७ मीटर लांबीचं जहाज निघालं. जहाजाच्या मध्यावर दफनकक्ष होता. त्यात शिरस्त्राण, तलवार, ढाल, सोन्याचं ४०० ग्रॅमहून जड बक्कल, पैशांच्या पिशवीचं रत्नजडित झाकण, बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातली) चांदीची भांडी असा ऐवज होता. काळ सातव्या शतकाच्या सुरुवातीचा.

लाकूडच उरलं नव्हतं म्हणता, मग तिथं जहाज होतं हे कळलं कसं?

सटन हूबद्दलचा माझा सर्वांत आवडता प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

जहाजाच्या फळ्या लोखंडी रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या जाड खिळ्यांनी, एकमेकींना जोडलेल्या होत्या. तेराशे वर्षांत फळ्या पूर्ण कुजल्या, पण कुजताना त्यांच्या जागी वाळू दाबून बसत गेली आणि तिचा रंग बदलला. रिव्हेट गंजले, तरी होते तिथंच राहिले. म्हणजे उरला तो जहाजाचा साचा: वाळूत उमटलेला आकार आणि त्यावर गंजाच्या गोळ्यांच्या ओळी.

पहिला रिव्हेट हाती लागला तेव्हा ब्राऊनना त्याचा अर्थ लगेच कळला, कारण त्यांची तयारी होती. आदल्या वर्षीच्या एका टेकाडात असेच रिव्हेट मिळाले होते. जवळच्या स्नेप गावात १८६२ मध्ये निघालेल्या जहाजाचे रिव्हेटही त्यांनी ऑल्डबरोच्या संग्रहालयात जाऊन पाहिले होते. आता एकही रिव्हेट उपटायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. जहाजाच्या टोकाकडून ते आत सरकत गेले. वरची सैल वाळू काढायची, रंग बदलला की थांबायचं, लोखंडाची लालसर खूण दिसली की तिच्याभोवतीची वाळू हलकेच झाडायची. त्यासाठी कोळशाचं फावडं, पेस्ट्रीचा ब्रश, चाकू, भाता अशी घरगुती हत्यारं त्यांनी वापरली. हात जरा जड पडला असता तर जहाज पुन्हा वाळूत मिसळून गेलं असतं, आणि ते होतं हेही कुणाला कधी कळलं नसतं.

सोन्याचे फोटो सगळीकडे छापले जातात. माझ्या मते सटन हूची खरी कमाई वाळूचा तो साचा आहे. सोनं दुसऱ्या कुणीही उचलून आणलं असतं, पण जहाज त्या एका माणसाच्या धीरामुळे मिळालं.

थडग्यात सांगाडा नव्हता असं वाचलं. मग ते राजाचं कशावरून?

सुरुवातीला शव सापडलं नाही, म्हणून ही नुसती स्मारकासारखी रिकामी कबर असावी असं काहींना वाटलं. पुढे १९६० च्या दशकात वाळूची तपासणी झाली, तेव्हा शव असायला हवं होतं तिथं फॉस्फेटचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शव होतं, ते आम्लाने विरघळलं, असं आता मानलं जातं.

राजा कोण, याचं ठाम उत्तर नाही. सर्वांत जास्त मान्यता आहे ती रेडवाल्डला. हा ईस्ट अँग्लियाचा बलाढ्य राजा इ.स. ६२४-२५ च्या सुमारास वारला. थडग्यातल्या पिशवीत गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) पाडलेली ३७ सोन्याची नाणी होती आणि त्यांचा काळ याच्याशी जुळतो. पण नाव कोरलेली एकही वस्तू मिळालेली नाही. त्यामुळे ‘रेडवाल्डचं थडगं’ असं छातीठोकपणे लिहिलेलं दिसलं, तर तिथं मनाशी ‘बहुधा’ हा शब्द घालून घ्यावा.

बाकीची टेकाडं लुटली गेली, मग हेच कसं वाचलं?

प्रयत्न याच्यावरही झाला होता. काही शतकांपूर्वी चोरांनी टेकाडाच्या बरोबर मध्यावर खोल खड्डा घेतला होता आणि त्याच्या तळाशी त्यांनी टाकलेलं फुटकं भांडंही मिळालं. पण त्याआधीच शेताच्या बांधासाठी टेकाडाची एक बाजू कापली गेली होती. त्यामुळे चोरांना जो मध्य वाटला, तो खरा मध्य नव्हता. दफनकक्ष बाजूला राहिला.

या उत्खननावरचा २०२१ चा सिनेमा पाहिला. त्यातलं किती खरं?

मुख्य घटनाक्रम खरा आहे. दोन गोष्टी मात्र खटकतात. पेगी पिगट यांना त्यात नवख्या आणि बावरलेल्या दाखवलंय. प्रत्यक्षात त्या प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ होत्या, स्वतंत्रपणे उत्खननं चालवलेल्या. सोन्याची पहिली वस्तू त्यांनाच मिळाली. दुसरं म्हणजे सिनेमातला तरुण छायाचित्रकार काल्पनिक आहे. उत्खननाचे शेकडो फोटो मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी काढले होते. पुढे महायुद्धात तिथं लष्कराचा सराव चालला आणि जहाजाच्या साच्याची बरीच हानी झाली, त्यामुळे या फोटोंची किंमत आणखी वाढली. अशा कामातून बायकांची नावं गळून जाणं नवीन नाही, म्हणून इथं मुद्दाम दिली आहेत.

आणि हो, केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स येऊन त्यांनी सूत्रं हाती घेतली हे खरं आहे. ब्राऊन यांचं श्रेय बरीच वर्षं झाकलेलं राहिलं, हेही खरं.

ते प्रसिद्ध शिरस्त्राण अखंड सापडलं का?

नाही. दफनकक्षाचं छत कोसळून त्याचे पाचशेच्या आसपास तुकडे झाले होते. महायुद्धानंतर हर्बर्ट मेरियन यांनी ते पहिल्यांदा जुळवलं. काही भाग चुकल्याचं लक्षात आल्यावर १९७०-७१ मध्ये नायजेल विल्यम्स यांनी सगळं सोडवून पुन्हा जोडलं. आज दिसतं ते ही दुसरी जुळणी. नीट पाहिलं तर भुवया, नाक आणि मिशा मिळून उडणाऱ्या पक्ष्याचा आकार होतो.

एका शेतकऱ्याचा हातोडा शोधताना खजिना सापडला, ही गोष्ट खरी की दंतकथा?

अगदी खरी. गाव होक्सन, परगणा सफोक, तारीख १६ नोव्हेंबर १९९२. शेतात हरवलेला हातोडा शोधायला एरिक लॉज मेटल डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना चमचे, दागिने, नाणी मिळू लागली. थोडा ऐवज बाहेर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जागा रीतसर खणली.

ते थांबले म्हणूनच आज आपल्याला कळतं की हा सगळा ऐवज ओकच्या पेटीत होता, आत लहान डबे होते आणि वस्तू विचारपूर्वक रचलेल्या होत्या. एकूण १४,८६५ नाणी आणि चांदी-सोन्याच्या सुमारे दोनशे वस्तू निघाल्या. नाण्यांवरून पेटी इ.स. ४०७ नंतर, म्हणजे ब्रिटनमधली रोमन सत्ता मोडकळीला आली तेव्हा पुरलेली दिसते. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते लॉज यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच गावातल्या विटांच्या मातीच्या खाणीत जॉन फ्रीअर यांना दगडी हातकुऱ्हाडी दिसल्या होत्या. ही अवजारं कल्पनेपलीकडच्या जुन्या काळातली आहेत, असं त्यांनी १७९७ मध्येच लिहून कळवलं. त्यांच्या हयातीत कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि ओढूनताणून नाही. होक्सनच्या ऐवजात चांदीच्या चार मिरपूडदाण्या आहेत. त्यांपैकी एक तर नटूनथटून बसलेल्या स्त्रीच्या आकाराची. काळी मिरी त्या काळी मलबार किनाऱ्यावरूनच जायची. म्हणजे केरळातली मिरी सफोकमधल्या एखाद्या श्रीमंत रोमन घराच्या पानात पडत होती. याच समुद्री व्यापाराचं दुसरं टोक पाहायचं असेल तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची काशाची मूर्ती पाहा. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सटन हूच्या दागिन्यांमध्ये जडवलेल्या गार्नेटसारखे लाल खडेही, निदान काही प्रमाणात, भारत आणि श्रीलंकेतून युरोपात जात, असं खनिजांच्या विश्लेषणातून दिसतं.

माणसांचा दुवाही आहे, पण ईस्ट अँग्लियातला नाही, डॉर्सेटमधला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले होते. थर वाचण्याची ती शिस्त त्यांनी इकडे रुजवली. सांकळिया डेक्कन कॉलेजात रुजू झाले ते वर्ष १९३९, सटन हूचंच.

तिकडे सोनं सापडलं तर ते सरकारचं, शेतकऱ्याचं की शोधणाऱ्याचं?

आज लागू आहे तो १९९६ चा खजिना कायदा. ३०० वर्षांहून जुनी वस्तू, निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली, किंवा एकत्र सापडलेली तशी दोन वा अधिक नाणी, असं काही मिळालं तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यू आणि खजिना यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. (मुंबईतही पूर्वी हे पद होतं.) वस्तू खजिना ठरली आणि संग्रहालयाला हवी असेल, तर तज्ज्ञ समिती बाजारभाव सुचवते. ती रक्कम बक्षीस म्हणून बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. वस्तू लपवली तर बक्षीस जातं आणि शिक्षाही होते. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, धातूच्या आणि असाधारण महत्त्वाच्या वस्तूही यात आल्या आहेत.

अपवाद लक्षात ठेवा. मातीचं भांडं कितीही सुंदर असलं तरी एकटं सापडल्यास खजिना ठरत नाही. ते सहसा जमीनमालकाचं. नोकरी म्हणून खणणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला बक्षीस नाही. आणि हा कायदा स्कॉटलंडला लागू नाही, तिथले नियम वेगळे आहेत.

मग सटन हूचा सगळा ऐवज ईडिथ प्रिटींना कसा काय मिळाला?

कारण तेव्हा जुना नियम होता. परत काढून नेण्याच्या इराद्याने लपवलेलं सोनं-चांदी राजाचं, असा तो नियम. चौकशी १४ ऑगस्ट १९३९ ला गावच्या सभागृहात झाली. हे दफन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं असणार आणि वस्तू परत काढायचा कुणाचा हेतू नव्हता, असं पंचांनी ठरवलं. म्हणून मालकी जमीनमालकाची. प्रिटींनी तो सगळा ऐवज ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पुढे सरकारने देऊ केलेला सन्मानही त्यांनी नाकारला. काही आठवड्यांत युद्ध सुरू झालं आणि या वस्तूंनी ती वर्षं लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका बोगद्यात काढली.

आपल्याकडे शेतात गुप्तधन निघालं तर काय नियम आहे?

भारतात १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडवलेलं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सर्वांत आधी खणणं थांबवा, वस्तू धुऊ नका, घासू नका, आणि जागेचा फोटो घ्या. थांबण्याने काय हाती लागतं, ते होक्सनच्या उत्तरात आलं आहे.

मी नॉर्विचला शिकतोय. मेटल डिटेक्टर घेऊन फिरलो तर चालेल का?

जमीनमालकाची परवानगी घेतली तर चालेल. जवळपास प्रत्येक जागेला कुणीतरी मालक असतो, उद्यान आणि किनाराही त्याला अपवाद नाहीत, म्हणून आधी विचारा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. जे मिळेल ते, खजिना नसलं तरी, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा. ही योजना १९९७ पासून चालू आहे. नॉरफोकमध्ये डिटेक्टरवाले आणि पुरातत्त्वज्ञ यांचं सहकार्य त्याही आधीपासूनचं आहे.

नांगराच्या थराखाली संकेत मिळाला तर स्वतः खणू नका. वरच्या थरातल्या वस्तू तशाही हललेल्या असतात. खालच्या वस्तूंना जागा असते, आणि ती जागा एकदाच वाचता येते.

रेंडलशममध्ये राजवाडा सापडला ही बातमी खरी का?

खरी आहे. आठव्या शतकात बीड या भिक्षूने रेंडलशमचा राजनिवास म्हणून उल्लेख केला होता. ते ठिकाण सटन हूपासून सहा-सात किलोमीटरवर. रात्री चोरून डिटेक्टर चालवणाऱ्यांमुळे तिथला जमीनमालक हैराण झाला आणि त्याने परगण्याच्या पुरातत्त्व विभागाकडे धाव घेतली. २००८ पासून शेतांची पद्धतशीर पाहणी झाली. २०२२ मध्ये २३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा लाकडी सभागृहाचा पाया उघडा पडला. दगडी महाल डोळ्यांसमोर आणू नका, उरले आहेत ते खांबांचे खड्डे आणि चर. पण सटन हूला पुरलेले लोक राहत कुठे होते, या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच.

समुद्रकाठचं लाकडी वर्तुळ उपटून संग्रहालयात नेलं, हे योग्य झालं का?

तुम्ही सीहेंजबद्दल विचारताय. १९९८ मध्ये नॉरफोकच्या होम गावच्या किनाऱ्यावर ओहोटीत ते दिसलं: ओकचे ५५ खांब आणि मध्ये मुळं आकाशाकडे करून उलटं रोवलेलं ओकचं बुंध. झाडाच्या वलयांवरून तोडणीचा काळ इ.स.पू. २०४९ चा वसंत किंवा उन्हाळ्याची सुरुवात, इतका नेमका कळला. काढायला नको म्हणून स्थानिकांनी आणि निसर्गपूजकांनी १९९९ मध्ये जोरदार विरोध केला.

विरोधामागची भावना मला पटते, निर्णय मात्र बरोबर वाटतो. वरचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर समुद्राने धुऊन नेला होता आणि लाकूड उघडं पडून झिजत होतं. बाहेर काढल्यामुळेच खांबांवरचे घाव मोजता आले आणि निदान पन्नास वेगवेगळ्या काशाच्या कुऱ्हाडी वापरल्या गेल्याचं समजलं. बुंध ओढायला वापरलेला हनीसकलच्या वेलाचा दोरही मिळाला. शेजारीच सापडलेलं दुसरं वर्तुळ मात्र जागेवरच सोडलं आहे.

हेझबराच्या किनाऱ्यावरच्या पाऊलखुणा आता बघता येतात का?

नाही, त्या राहिल्या नाहीत. मे २०१३ मध्ये भरतीने वाळू ओढून नेली आणि खालच्या गाळात सुमारे पन्नास ठसे दिसले. निदान आठ लाख वर्षांपूर्वीचे, मोठ्यांचे आणि मुलांचेही. आफ्रिकेबाहेर इतके जुने ठसे तोपर्यंत मिळाले नव्हते. संशोधकांनी पावसात, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात शेकडो फोटो घेऊन त्यांची त्रिमितीय नोंद केली. साधारण दोन आठवड्यांत समुद्राने ते पुसून टाकले.

मस्ट फार्मला ब्रिटनचं पॉम्पेई का म्हणतात? तिथं ज्वालामुखी होता?

ज्वालामुखी नव्हता, आग होती. फेन्समध्ये पीटरबरोजवळ इ.स.पू. ८५० च्या सुमारास संथ नदीवर खांब रोवून घरं बांधली होती. वर्षभरातच वस्ती पेटली आणि जळती घरं सामानासकट खालच्या गाळात कोसळली. त्यामुळे कुठल्या घरात काय कुठं ठेवलं होतं तेही कळतं. एका वाडग्यात गव्हाची लापशी आणि ढवळायची लाकडी पट्टी तशीच होती. २०१५-१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या पथकाने हे खणलं. जागा विटांच्या मातीच्या खाणीतली आहे. लाकूड कसं टिकलं, ते मातीच्या उत्तरात वर आलंच आहे.

राणी बुडिकाची कबर सापडली का?

नाही. इ.स. ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेली ही राणी नॉरफोकच्या आयसेनी जमातीची, एवढं खरं. तिच्या कबरीच्या जागा सांगणाऱ्या कहाण्या पुष्कळ आहेत, पुरावा एकीलाही नाही. तिच्या प्रदेशातलं वैभव बघायचं तर स्नेटिशमला सापडलेले सोन्याचे पिळीचे गळ्यातले कडे पाहा. ते तिच्या आधीच्या पिढ्यांचे आहेत.

चार दिवस हातात असतील तर काय बघू?

आधी लंडनचं ब्रिटिश म्युझियम. खोली ४१ मध्ये सटन हू, ४९ मध्ये होक्सन आणि मिल्डेनहॉल. प्रवेश विनामूल्य. मग लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविचमार्गे मेल्टन स्टेशन, आणि तिथून चालत सटन हू. तिथं नॅशनल ट्रस्टचं तिकीट लागतं. थेटफर्डजवळ ग्राइम्स ग्रेव्हजला नवाश्मयुगीन गारगोटीच्या खाणीत उतरता येतं. सीहेंजसाठी किंग्ज लिनचं लिन म्युझियम. गाडी असेल तर बेरी सेंट एडमंड्सजवळ वेस्ट स्टोला जा. तिथं उत्खननात मिळालेल्या खुणांवरून अँग्लो-सॅक्सन घरं पुन्हा बांधली आहेत. मुलं बरोबर असतील तर तिथं जास्त वेळ ठेवा.

पदवी नाही, पण खणायची हौस आहे. कुणी घेईल का?

घेतात. नॉरफोकमधल्या सेजफर्ड गावात १९९६ पासून दर उन्हाळ्यात लोकसहभागातून उत्खनन चालतं आणि तिथं नवशिक्यांना शिकवतात. रेंडलशमच्या कामातही स्थानिक स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. भारतातून जाणार असाल तर स्वयंसेवेला तुमच्या व्हिसावर मुभा आहे का, ते तिकीट काढण्याआधी तपासा. गुडघ्याखाली घ्यायला जाड गादी न्या. पहिल्या दिवशी तुमच्या हातात बहुधा करणी आणि बादली येईल, आणि सांगितलं जाईल की मातीचा रंग बदलला की थांबा आणि हाक मारा.